गच्चीवरची म्युऑन पेटी : ठाण्यातल्या नोंदी, २०२४

१४ जानेवारी, रविवार

पेटी आज वर चढली. नौपाड्यातली आमची जुनी चार मजली इमारत. गच्चीत टाकीला लागून पूर्वी पंपाची खोली होती, ती आता रिकामीच असते. वर पत्रा, एक खिडकी, एक प्लग पॉइंट. "स्फोटक काही नाही ना?" एवढं विचारून सेक्रेटरींनी परवानगी दिली आणि वेगळा सब-मीटर बसवायला सांगितला. रास्त आहे.

पेटीत प्लास्टिक सिंटिलेटरच्या दोन फळ्या आहेत, प्रत्येकी ३० बाय ३० सेंटिमीटर. एकीवर एक, मध्ये वीतभर अंतर. एका बंद झालेल्या प्रयोगशाळेच्या लिलावात मिळाल्या. विद्युतभारित कण आरपार गेला की फळीत अंधुक चमक उमटते आणि फळीला चिकटवलेला फोटोमल्टिप्लायर ती पकडतो. दोन्ही फळ्या एकाच वेळी चमकल्या तरच मोजायचं. एकटी फळी भिंतीतल्या आणि मातीतल्या किरणोत्सारानेही चमकते. दोन्ही फळ्या भेदून जातो तो बहुतांशी वैश्विक किरणांतून जन्मलेला म्युऑनच, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच पण जड असा कण. शेजारी दाब, तापमान आणि आर्द्रता नोंदवणारी बोटभर चिप.

प्रोग्राम भाचीने लिहिला. ऐरोलीहून रविवारी येते. तिचा पहिलाच प्रश्न: "मामा, आपल्याला कण मोजायचेत की हवा?"

दोन्ही. अतिउच्च ऊर्जेचा, म्हणजे १०च्या २०व्या घाताइतक्या इलेक्ट्रॉनव्होल्टचा कण एका चौरस किलोमीटरवर शतकभरात जेमतेम एखादा पडतो. तो थेट हाती लागत नाही. हवेत शिरल्यावर तो अब्जावधी कणांचा वर्षाव पाडतो, त्या वर्षावावरून त्याची ऊर्जा ठरवावी लागते. म्हणजे अशा प्रयोगात उपकरणाचा मोठा भाग आकाशातच पसरलेला असतो, आणि तो रोज, तासातासाला बदलतो. कारखान्यात मी जन्मभर उपकरणं कॅलिब्रेट केली. या उपकरणाचा एक भाग टेबलावर आणताच येत नाही, म्हणून तर हा उद्योग.

२८ जानेवारी, रविवार

आकडेमोड. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक म्युऑन येतो. आमची फळी ९०० चौरस सेंटिमीटरची. तिरपे येणारे वरच्या फळीतून शिरून बाजूने निसटतात, त्यामुळे जोडीने मोजले जातात ते मिनिटाला चारशेच्या आसपास. तासाला २४ हजार. २४ हजारांचं वर्गमूळ १५५, म्हणजे तासाच्या आकड्यात नुसत्या योगायोगाने ०.६५ टक्के हेलकावा राहणारच.

आता दाब. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने वाढला की म्युऑन साधारण ०.१५ टक्क्याने घटतात. ठाण्यात दिवसभरातला दाबाचा चढउतार तीनेक हेक्टोपास्कलचा, म्हणजे परिणाम ०.४५ टक्के. जे शोधायचंय ते हेलकाव्याहून लहान. उपाय एकच: महिनाभराचे दिवस एकावर एक ठेवून त्या-त्या तासाची बेरीज करायची. प्रत्येक तासाच्या खात्यात सात लाखांवर कण जमले की हेलकावा ०.१२ टक्क्यावर येतो आणि मग काही दिसू शकतं.

भाचीच्या मैत्रिणीकडे पाच सेंटिमीटर चौरसाचं छोटं तयार यंत्र आहे. त्यावर हेच दिसायला वर्षं जातील. वर्गात दाखवायला मात्र झकास.

११ फेब्रुवारी, रविवार

दाबाचा आलेख बघत बसावा असा. उष्ण कटिबंधात दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास शिखर, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास तळ. वर ओझोन आणि पाण्याची वाफ सूर्याचा ताप शोषतात, त्यातून सगळ्या वातावरणात उठणारी ही भरती-ओहोटी. चंद्राचा तिच्यात नाममात्र हात. युरोपात ती वादळांच्या गोंधळात बुडून जाते. आपल्याकडे हिवाळ्यात इतकी नियमित येते की आलेखावरून घड्याळ लावावं.

दाब म्हणजे डोक्यावरच्या हवेचं वजन, याचा या खेळात शब्दशः उपयोग होतो. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १,०३३ ग्रॅम हवा असते. एक हेक्टोपास्कल म्हणजे त्यात साधारण एका ग्रॅमचा फरक. कण किती हवा ओलांडून आला हे किलोमीटरमध्ये सांगून भागत नाही, ग्रॅममध्ये सांगावं लागतं. अर्जेंटिनातल्या पिएर ऑजे या वैश्विक किरणांच्या वेधशाळेच्या माथ्यावर साधारण ८७५ ग्रॅम. उटीला त्याहून कमी. आमच्या नौपाड्यात पुरेपूर.

३ मार्च, रविवार

पत्र्याखाली दुपारी खोली तापते, पहाटे थंड होते. फोटोमल्टिप्लायरचं वर्धन तापमानाबरोबर थोडं ढळतं, सर्किटची पातळीही. त्यामुळे मोजणीत दिवसाकाठी एक लाट येणारच, आणि ती हवेची नसून खोलीची असेल. पेटीला थर्मोकोलचे दोन थर दिले, व्होल्टेज थोडं ढळलं तरी मोजणी फारशी हलत नाही अशा सपाट पट्ट्याच्या मध्यावर ठेवलं. तरी थोडं उरणार.

पण इथे ठाण्याची हवाच मदतीला येते. खोलीच्या तापमानाला दिवसात एकच शिखर, दाबाला दोन. महिन्याचे दिवस एकावर एक ठेवलेल्या घडीत मोजणी दिवसातून दोनदा खाली गेली आणि तीही सकाळी दहा आणि रात्री दहाच्या आसपास, तर तो हवेचा हात. एकदाच गेली तर पत्र्याचा. भाचीने फेब्रुवारीची घडी मांडली. दोन खळगे आहेत. रात्रीचा स्पष्ट, सकाळचा जरा पसरट. त्याच्यावर खोलीची एकेरी लाट बसलेली दिसते. दोन्ही वेगळ्या काढता येतात. दर हेक्टोपास्कलला उतार पुस्तकातल्या आकड्याच्या जवळपास आला. मी चहा सांगितला.

१० मार्च, रविवार

अमावस्या. गच्चीवर कॅमेऱ्याची चाचणी. म्युऑन मोजायला अंधार लागत नाही, पण दुसरा अर्धा प्रकल्प उजेडाचा आहे.

ऑजेबद्दल इथे लिहून ठेवतो, कारण कल्पना तिथलीच. मेंडोसा प्रांतात मालार्ग्वे गावाजवळ ३,००० चौरस किलोमीटरवर पाण्याच्या १,६०० हून अधिक टाक्या, दीड-दीड किलोमीटरवर, प्रत्येकीत १२ टन शुद्ध पाणी. टाक्या रात्रंदिवस चालतात. कडेला चार ठिकाणी दुर्बिणी. कणवर्षाव खाली येताना नायट्रोजनचे रेणू उद्दीपित होऊन ३०० ते ४३० नॅनोमीटरचा अतिनील-जांभळा उजेड देतात, तो या दुर्बिणी टिपतात. चांदणं चालत नाही, ढग चालत नाहीत. वर्षाच्या जेमतेम १५ टक्के वेळ त्या कामाच्या. पण ऊर्जेचं माप त्यांच्याकडूनच ठरतं, आणि टाक्यांचं माप त्यांच्याशी जुळवून घेतात.

वर्षाव दुर्बिणीपासून वीस-तीस किलोमीटरवर. मधल्या हवेत धूळ, धूर, बाष्प. उजेड वाटेत किती खर्ची पडला हे कळलं नाही तर ऊर्जा कमी भरते. म्हणून मैदानाच्या मधोमध ३५५ नॅनोमीटरचा लेझर. वेधाच्या रात्री दर पंधरा मिनिटांनी ५० झोत सरळ वर सोडतात आणि विखुरलेला उजेड चारही ठिकाणांहून मोजतात. सोडली किती ऊर्जा ते ठाऊक, पोचली किती ते मोजलं, मधली तूट हवेची. दुर्बिणीला तो झोत दिसायला साधारण १०च्या २०व्या घाताच्या वर्षावाइतका तेजस्वी असतो. शिवाय चारही ठिकाणी लेझरच्या परतणाऱ्या उजेडावरून हवा तपासणारे लायडार, ढगांसाठी अवरक्त कॅमेरे आणि ताऱ्यांचं तेज मोजणारी एक स्वयंचलित दुर्बीण.

लेझर आकाशात मारायला ठाण्यात परवानगी कोण देणार, आणि विमानतळ शेजारी असताना मागूही नये. तारे मात्र फुकट आहेत.

२४ मार्च, रविवार

होळी. पौर्णिमा, वर गल्लोगल्ली धूर. कॅमेरा काढलाच नाही. पेटी चालू आहे, तिला धुराचं काही नाही.

९ एप्रिल, गुढीपाडवा

रात्री आकाश त्यातल्या त्यात बरं. आमचा लेझर म्हणजे स्वाती. या ताऱ्याची क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, १९.२ अंश उत्तर आणि ठाण्याचा अक्षांशही १९.२, त्यामुळे स्वाती आमच्या गच्चीच्या बरोबर डोक्यावरून जातो. साडेनऊच्या सुमारास पूर्वेला ३० अंशांवर असतो, तेव्हा त्याचा उजेड थेट माथ्यावरून येणाऱ्या उजेडाच्या दुप्पट हवा ओलांडून येतो. पावणेदोनला माथ्यावर, तेव्हा एकपट. मधल्या वेळेत फोटो घेत राहायचे, तेजस्वितेची प्रत (ताऱ्याचं तेज मोजायचं खगोलशास्त्रातलं माप) आणि हवेची जाडी यांचा आलेख काढायचा. त्याचा उतार म्हणजे एका हवेच्या जाडीला किती उजेड जातो.

निळ्या रंगात उतार सुमारे ०.८५ प्रत आला. त्यातला ०.२२ च्या आसपास वाटा हवेच्या रेणूंचा, तो हिशेबाने वजा. उरला तो धूळ-धूर-मिठाचा. प्रकाशीय जाडीत, म्हणजे हवा उजेड किती अडवते त्या मापात, मांडला तर ०.५८. म्हणजे डोक्यावरच्या ताऱ्याचाही चाळीस टक्क्यांहून जास्त निळा उजेड नुसत्या धुळीत गेला. ऑजेत ही जाडी, तीही ३५५ नॅनोमीटरला, ०.१ च्या वर गेली की त्या तासाचे वेध ऊर्जेच्या अभ्यासातून बाजूला काढतात. आमची पाडव्याची रात्र तिकडे पहिल्याच चाळणीत बाद.

आश्चर्य नाही. घोडबंदर रोडला मेट्रोचं काम, चहूकडे पुनर्विकास, खाडीवरून येणारं मीठ. वरून दिव्यांचा झगमगाट. ठाण्यातून कणवर्षावाचा उजेड पाहायचं कुणी मनात आणू नये. हवा मोजायला शिकायला मात्र गढूळ हवाच बरी, आकडा मोठा येतो.

२८ एप्रिल, रविवार

भाचीने ऑजेच्या फुग्यांची गोष्ट वाचून आणली. मोठा वर्षाव आला की यंत्रणा मोबाइलवर संदेश पाठवायची आणि ड्युटीवरच्या माणसाने तीन तासांच्या आत हवामानाचा फुगा सोडायचा, रात्रीचे कितीही वाजले असोत. मार्च २००९ ते डिसेंबर २०१० असं चाललं. नंतर दर तीन तासांचं जागतिक हवामान प्रारूप इतकं चांगलं जुळलं की फुगे थांबवले. आर्द्रता आणि तापमानही का लागतं? ओलसर हवेत नायट्रोजनचा उजेड दबतो, आणि घनता तर दर किलोमीटरला वेगळी.

"आपल्याकडे फुगा कोण सोडणार?" ती म्हणाली. सोडतातच. सांताक्रूझहून हवामान खात्याचा फुगा जातो, भारतीय वेळेनुसार सकाळी साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या नोंदीसाठी. आकडे सगळ्यांना खुले आहेत. नौपाड्यापासून हवाई अंतर वीसेक किलोमीटर. उतरवून घ्यायला सुरुवात केली.

१२ मे, रविवार

शुक्रवारी रात्रीपासून सूर्याचं मोठं वादळ. ऑक्टोबर २००३ नंतर प्रथमच सर्वोच्च श्रेणीचं. लडाखमधल्या हानळे वेधशाळेच्या कॅमेऱ्यांत लाल प्रकाश दिसला. ठाण्यात अर्थात ढगाळ पिवळं आकाश.

मोजणी खाली गेली आहे. सूर्याकडून सुटलेला चुंबकीय लोंढा पृथ्वीला वेढतो तेव्हा बाहेरून येणारे वैश्विक किरण अडतात. आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ, त्यामुळे कमी ऊर्जेचे कण इथे एरवीही पोचत नाहीत. उरलेल्या दमदार कणांवर परिणाम थोडाच. तरी दिवसाच्या आकड्यात एका टक्क्याहून जास्त घट, आणि आमचा दिवसाचा योगायोगाचा हेलकावा ०.१३. दाबाची दुरुस्ती लावल्यावर खळगा आणखी नेटका झाला. याचा अतिउच्च ऊर्जेच्या कणांशी काही संबंध नाही, त्यांना असला लोंढा जाणवतही नाही. पण पेटी खरं बोलते, याची ही बाहेरून मिळालेली साक्ष.

चुंबकीय नोंदी बघायला लांब जायला नको. भारतीय भूचुंबकत्व संस्था पनवेललाच आहे आणि तिची अलिबागची वेधशाळा १९०४ पासून चालू आहे. आधी ती कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून सुया बिघडू नयेत यासाठी अलिबागला नेली. १८५९ च्या प्रसिद्ध सौरवादळाची नोंद कुलाब्याच्या वहीत आहे, माणसांनी डोळ्यांनी वाचून लिहिलेली. आम्ही यूपीएस बंद पडला म्हणून कुरकुरतो.

१४ मे, मंगळवार

काल दुपारी धुळीचं वादळ. घाटकोपरला होर्डिंग कोसळून माणसं गेली. आमच्या गच्चीवर शेजारच्या इमारतीची ताडपत्री येऊन पडली, पेटी सुखरूप. वारा येताच दाब काही मिनिटांत उसळला आणि परत बसला. मोजणीत इतक्या थोड्या वेळात काही दिसणं शक्य नाही, शोधलंही नाही. खिडकीच्या फटीतून आलेली धूळ पुसायला सकाळ गेली.

१० जून, सोमवार

मोसमी पाऊस मुंबईत काल पोचल्याचं जाहीर झालं. रात्री गडगडाट. भाचीने उटीचं ग्रेप्स-३ काढलं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा हा प्रयोग २,२०० मीटर उंचीवर, चारशे सिंटिलेटर आणि ५६० चौरस मीटरचा म्युऑन टेलिस्कोप. १ डिसेंबर २०१४ ला तिथे एका गडगडाटी ढगाखाली म्युऑनची संख्या खाली आली, आणि त्यावरून ढगातला विद्युतदाब १.३ अब्ज व्होल्ट निघाला. २०१९ ला छापून आलं. एरवी हवा कणांच्या मोजणीत ढवळाढवळ करते. तिथे कणांकडूनच हवेची मोजणी करून घेतली.

आमच्या ९०० चौरस सेंटिमीटरवर तसं काही दिसणार नाही. "पण बघायला काय हरकत आहे?" हरकत नाही, वीज चमकताना गच्चीवर जायचं नाही एवढंच.

२३ जून, रविवार

पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, केबलच्या भोकाला सिलिकॉन. आर्द्रता ९० च्या वर. कॅमेरा सप्टेंबरपर्यंत कपाटात.

१४ जुलै, रविवार

जानेवारीपासूनचा आलेख प्रथमच एका कागदावर. महिन्याची सरासरी घेतली तर दाब तेव्हापासून नऊ हेक्टोपास्कलने उतरला आहे. भारतीय उपखंडावर पावसाळ्यात न्यून दाबाचा पट्टा असतो त्यामुळे हे दरवर्षीचंच. हिशेबाने म्युऑन १.३५ टक्क्याने वाढायला हवेत. वाढलेत निम्म्याच्या जवळपास.

भाची आधी पेटीवर संशय घेत होती, मीही घेतला. मग सांताक्रूझचे फुगे काढले. म्युऑन जन्मतात ते साधारण १०० हेक्टोपास्कल दाबाच्या थरात, सोळा-सतरा किलोमीटर वर. पावसाळ्यात वरची हवा तुलनेने उबदार होऊन फुगते, तो थर हिवाळ्यापेक्षा शंभर-सव्वाशे मीटर वर सरकतो. म्युऑनचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. जन्मस्थान उंचावलं की वाटेतच विघटन होणारे वाढतात, किलोमीटरला पाचेक टक्के. सव्वाशे मीटरला ०.६. एक पूर्णांक पस्तीसातून वजा करा.

खाली हवा हलकी झाली म्हणून म्युऑन वाढले, वर हवा फुगली म्हणून घटले. खालचा परिणाम बोटभर चिपने कळतो, वरच्यासाठी फुगा लागतो. ऑजेसारख्या ठिकाणीही नुसत्या टाक्यांची मोजणी ऋतूंबरोबर दहाएक टक्के हलते आणि दिवस-रात्रीत दोनेक टक्के, हे वाचलं होतं. आता ते कागदावरच्या आकड्यासारखं वाटत नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

शुक्रवारी लडाखमध्ये हानळेला मेस दुर्बिणीचं उद्घाटन झालं. २१ मीटर व्यासाची, ४,३०० मीटर उंचीवर, भाभा अणुसंशोधन केंद्राची. म्हणजे मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या माणसांची. गॅमा किरणांनी हवेत पाडलेल्या वर्षावाची निळी चेरेन्कॉव्ह चमक ती टिपते. इथेही उपकरणाचा मोठा तुकडा म्हणजे वरची हवाच, फक्त तिकडची हवा विरळ आणि कोरडी. हेवा वाटला.

ऑक्टोबरची उष्णता सुरू. खोलीची एकेरी लाट पुन्हा वर आली, दाबाची दुहेरी खाली कुठेतरी. वाद एकच उरलाय. मी म्हणतो, १०० हेक्टोपास्कलची उंची घ्या आणि दुरुस्ती लावा, सोपं. भाची म्हणते, "मामा, म्युऑन एकाच थरात थोडेच जन्मतात? सगळ्या थरांचं तापमान त्यांच्या वजनाच्या प्रमाणात घ्यायला हवं." तिचं शास्त्र पक्कं आहे. माझं म्हणणं एवढंच की आमच्या चुकीच्या मर्यादेत दोन्हींचा फरक दिसणार नाही. दोन्ही लावून बघायचं ठरलं.

खरी परीक्षा जानेवारीत. दाब आणि तो थर दोन्ही मागच्या जानेवारीच्या जागी आले की दुरुस्तीविनाही मोजणी तिथेच यायला हवी. सूर्याची सक्रियता वर्षभरात बदलली तेवढा फरक सोडून. त्याहून जास्त ढळली तर फोटोमल्टिप्लायर थकला. तोवर पेटीला हात लावायचा नाही. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला सेक्रेटरींनी दिवाळीनंतरची तारीख दिली आहे. टाकीकडचा भाग शेवटी घ्या, एवढं त्यांच्याशी बोलून ठेवलं.